संगणक मौन धारण करतो तेव्हा…

गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. इंदूर येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा तीन दिवसांवर येऊन ठेपली होती. खजिनदार या नात्याने ४२ सदनिकांचा जमाखर्च, थकबाकीची यादी आणि लेखापरीक्षकांना द्यावयाचे तक्ते मी घरच्या संगणकावर तयार केले होते. रात्री पावसात दोन-तीन वेळा वीज गेली आणि आली. सकाळी बटण दाबले. दिवा लागला, आतील पंखा फिरू लागला, पण पडदा मात्र काळाच राहिला.

एका दुरुस्ती केंद्राला दूरध्वनी केला. यंत्र न पाहताच उत्तर मिळाले, "मदरबोर्ड गेला असणार. आणून ठेवा, आठ दिवस लागतील." खर्चाची मला तितकीशी चिंता नव्हती. त्या हिशोबाची दुसरी प्रत कोठेच नाही, ही जाणीव त्या क्षणी झाली आणि हातपाय गार पडले.

शेजारच्या घरातील अभियांत्रिकीची विद्यार्थिनी मदतीला आली. ती म्हणाली, "काका, इस्पितळात नेण्याआधी ताप तरी मोजून पाहू या." पुढच्या तासाभरात तिने जे केले, त्यातून एक गोष्ट मनावर ठसली. बंद पडलेला संगणक बहुधा आपले दुखणे स्वतःच सांगत असतो. ते क्रमाने विचारावे लागते.

वीज पोहोचते आहे का?

बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, आवाजही नाही, अशी स्थिती असेल तर प्रथम भिंतीपासून सुरुवात करावी. ज्या सॉकेटमध्ये संगणकाची पिन आहे, तेथे टेबलावरचा दिवा लावून पाहावा. मग स्पाइक गार्डचे बटण आणि यूपीएस तपासावे. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि मग ते यंत्रच वीज अडवून बसते. अशा वेळी संगणकाची वायर तेवढ्यापुरती थेट भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावी. कॅबिनेटच्या मागील बाजूस, जेथे वीजवाहिनी जोडलेली असते, तेथे बहुधा एक लहानसे बटण असते. साफसफाईच्या वेळी ते नकळत बंद होते आणि सारे घर चिंतेत पडते.

एवढे करूनही यंत्र निपचित असेल, तर संशय एसएमपीएसवर जातो. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारी ही पेटी आहे. विजेच्या चढउताराचा पहिला आघात तीच सोसते. जळका वास येत असेल तर यंत्र पुन्हा चालू करू नये. ही पेटी घरी कदापि उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक असू शकतो. ती बदलणे हे तंत्रज्ञाचे काम आहे.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

माझ्या संगणकाचे दुखणे याच प्रकारचे होते. अशा वेळी मॉनिटरकडे पाहावे. त्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटत असतील तर मॉनिटर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्यालाच जोडलेली असावी.

त्यानंतर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम अशी सारी बाह्य उपकरणे काढावीत. भिंतीवरील बटण बंद करून पिन काढावी आणि संगणकाचे चालू करण्याचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे. यंत्रात साठून राहिलेला भार निघून जातो आणि काही वेळा एवढ्यानेच काम भागते.

चालू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो. रॅम सापडत नसेल किंवा ती नीट बसली नसेल, तर अनेक यंत्रे ठरावीक अंतराने ‘बीप’ असा आवाज करतात. या आवाजांची भाषा उत्पादकागणिक वेगळी असते, म्हणून मदरबोर्डसोबत आलेली पुस्तिका जपून ठेवावी.

आमच्या यंत्रातून असाच लांबलचक आवाज पुन्हा पुन्हा येत होता. मी तो पंख्याचा समजून दुर्लक्ष केले होते. तिने पिन काढली, कॅबिनेटची बाजू उघडली, उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवली आणि दोन्ही बाजूंच्या पकडी सैल करून रॅमची पट्टी बाहेर काढली. खाचेत धूळ साचली होती. त्यात पावसाळी दमट हवेची भर. मऊ ब्रशने धूळ झाडून, पट्टीच्या सोनेरी कडेवरून पेन्सिलचा खोडरबर हळुवार फिरवून तिने ती ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत पुन्हा बसवली. बटण दाबले आणि पडद्यावर ओळखीचे चिन्ह झळकले. दोन पट्ट्या असल्यास त्या एकेक लावून पाहाव्यात. सदोष कोणती ते कळते.

मी चहाचे विचारताच ती म्हणाली, "काका, आधी हिशोबाची प्रत काढा, मग चहा."

घड्याळ मागे गेले तर

मदरबोर्डवर नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेले असते. ती संपली की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते आणि कधीकधी संगणक सुरुवातीलाच सूचना देऊन थांबतो. बँकेच्या ग्राहकांनी हे लक्षात ठेवावे, कारण संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. संगणकाची तारीख चुकीची असेल, तर नेटबँकिंगचे खरे पानही असुरक्षित असल्याचा इशारा दिसतो. तो डावलून पुढे जाऊ नये. आधी तारीख दुरुस्त करावी. इशारा तरीही राहिला, तर व्यवहार करू नये.

पडदा उजळतो, पण विंडोज येत नाही

पेन ड्राइव्ह लावलेला राहिल्यामुळे संगणक त्यातूनच सुरू होऊ पाहतो आणि अडतो, हे नेहमी घडते. तो काढून पुन्हा सुरुवात करावी. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करावे. पुन्हा पुन्हा चालू करण्याने उरलेली माहितीही हातची जाते. आवाज नसेल तर विंडोजची स्वयंचलित दुरुस्ती किंवा ‘सेफ मोड’ वापरून पाहावा. विंडोज नव्याने बसवण्यापूर्वी आतील कागदपत्रांची प्रत काढता येते का, हे आधी विचारावे.

अलीकडच्या अनेक संगणकांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलल्यावर किंवा काही वेळा बायोसमध्ये फेरफार केल्यावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागितली जाते. ती नसेल तर डिस्क सुस्थितीत असूनही आपलीच कागदपत्रे आपल्याला मिळत नाहीत. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी.

दुरुस्तीस देताना

दोष मदरबोर्डचा किंवा एसएमपीएसचा असेल, तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवता येते. तसे तंत्रज्ञाला सांगण्यात संकोच नसावा. यंत्राचा अनुक्रमांक आणि सोपवलेले भाग यांची लेखी पोच घ्यावी, बदललेले जुने भाग परत मागावेत. नेटबँकिंगचा पासवर्ड संगणकातील फाइलमध्ये लिहून ठेवू नये.

इंटरनेटवर शोधलेल्या ‘मदत क्रमांकां’पासून विशेष सावध राहावे. दुरुस्तीच्या निमित्ताने पडदा पाहू देणारे अ‍ॅप बसवायला सांगून खाती रिकामी केल्याचे प्रकार घडले आहेत. ओटीपी किंवा पिन बँक कधीही विचारत नाही. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या शाखेत कळवावे.

तीन प्रती, दोन माध्यमे, एक जागा दूर

महत्त्वाच्या कागदपत्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर असावी, असा जाणकारांचा दंडक आहे. आमची सभा वेळेवर पार पडली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हिशोबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढतो. तशीच दुसरी डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीशेजारी असते. दर तीन महिन्यांनी तिची घरच्या डिस्कशी अदलाबदल करतो आणि आणलेली डिस्क उघडते आहे ना, हे पाहून घेतो.

यंत्र आज ना उद्या बंद पडणारच. त्या दिवशी आपली झोप उडावी की नाही, हे मात्र आज काढलेल्या प्रतीवर अवलंबून आहे.