लेसर आणि संरक्षक चष्मा

धार आणि देवास यांच्या मध्ये असलेल्या इंदूरला राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात लेसरवर मोठे संशोधन चालते. शक्तिशाली लेसर हाताळताना शास्त्रज्ञ विशिष्ट चष्मा वापरतात. आता मात्र टॉर्चएवढे शक्तिशाली लेसर बाजारात कोणालाही मिळू लागले आहेत. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या दृष्टिपटलाला लेसरच्या झोतामुळे इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांना आढळले.

चष्मा घेताना त्यावरील दोन आकडे पाहावेत. पहिला तरंगलांबीचा. निळा लेसर बहुधा ४४५ नॅनोमीटरचा, तर हिरवा ५३२ चा असतो. एकासाठीचा चष्मा दुसऱ्याला चालेलच असे नाही. स्वस्त हिरव्या लेसरमधून ८०८ व १०६४ नॅनोमीटरची अदृश्य अवरक्त किरणेही निसटतात. चष्म्याने तीही अडवली पाहिजेत.

दुसरा आकडा प्रकाशीय घनतेचा, म्हणजे 'ओ. डी.'चा. तो एकाने वाढला की आत येणारा प्रकाश दहापट घटतो. ओ. डी. ४ असेल तर १ वॅटच्या लेसरचा ०.१ मिलिवॅट एवढाच प्रकाश पलीकडे जातो.

उन्हाचा गॉगल येथे निरुपयोगी आहे. काळ्या काचेआड बाहुली उलट मोठी होते. चष्मा जवळच्या प्रत्येकाला हवा आणि तो घालूनही झोताकडे थेट पाहू नये.

पालकांना विनंती, की असा लेसर खेळणे म्हणून मुलांना देऊ नये. भाजलेले दृष्टिपटल पूर्ववत होईल याची खात्री डॉक्टरही देऊ शकत नाहीत.