ओल्या घोंगडीचा वास
देशोदेशीची वाइन : लेखांक ६

तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवल्या होत्या. आम्ही चौघे. पहिला ग्लास नाकाशी नेल्या नेल्या माणदेशातला माझा मित्र म्हणाला, "याला ओल्या घोंगडीचा वास येतोय." बाकीचे हसले. मी हसलो नाही, कारण मला कागदाखालचं लेबल माहीत होतं. फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या चेनिन ब्लाँ या द्राक्षाबद्दल वाइनची पुस्तकं नेमकं हेच सांगतात : मध, सफरचंद, आणि भिजलेली लोकर. मित्राने यातलं एकही पुस्तक उघडलेलं नाही. त्याच्या आजोबांची मेंढरं होती, एवढंच.

वास ओळखायला परकी फळं पाठ करावी लागतात, हा समज मी पहिल्या लेखांकापासून खोडून काढतोय. क्विन्स नावाचं फळ आपण कधी हातात धरलेलं नाही, मग ते वाइनमध्ये शोधायचं कशाला? मला चेनिनमध्ये पिकायला आलेला पेरू सापडतो, आणि जुन्या बाटलीत आवळ्याचा मुरंबा. तुम्हाला आणखी काही सापडेल. ते लिहून ठेवा.

गेल्या आठवड्यात तांबड्या वाइनचा तुरटपणा पाहिला. आजचा विषय आंबटपणा, कारण पांढऱ्या वाइनचा सगळा डोलारा त्यावर उभा असतो आणि चेनिन ही आंबटपणाची राणी आहे. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात. टार्टारिक, जे चिंचेतही असतं. आणि मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं. मण्यात पाणी उतरलं की साखर चढू लागते आणि मॅलिक घटू लागतं. उन्हाळा कडक असेल, रात्रीही उकडत असेल, तर वेल हे आम्ल झपाट्याने खर्चून टाकतो. थंड रात्री ते टिकवून धरतात. पुष्कळशी द्राक्षं पूर्ण पिकेपर्यंत मिळमिळीत होतात. चेनिन साखर भरली तरी आंबट राहते. तिच्या या एका गुणावर तीन खंडांतल्या बागा उभ्या आहेत.

पहिली बाटली व्हुव्हरेची होती. लुआरच्या उत्तर काठावर, तूर शहराला लागून हे गाव आहे. अक्षांश सुमारे ४७. जमिनीखाली तुफो नावाचा मऊ, पांढुरका चुनखडक. लुआरकाठचे राजवाडे बांधायला हा दगड काढला गेला, आणि खाणींच्या ज्या पोकळ्या मागे राहिल्या त्यांत आज वाइन मुरते. पॅरिसहून सुटणारी वेगवान टीजीव्ही रेल्वेदेखील इथल्या द्राक्षमळ्यांच्या पोटातून, बोगद्याने जाते. वर मळा, मध्ये रेल्वे. जमिनीची इतकी बूज राखणारं गाव मला आवडतं.

व्हुव्हरेची खरी गंमत गोडीत आहे. एकाच गावची, एकाच द्राक्षाची वाइन, पण लेबलावर कधी 'सेक' म्हणजे कोरडी, कधी 'दमी-सेक' म्हणजे अर्धगोड, कधी 'म्वालो' म्हणजे चांगलीच गोड. हे ठरवण्यात मालकाच्या लहरीपेक्षा हवेचा वाटा मोठा. चेनिन उशिरा पिकते, तीही एका घडात मागेपुढे. तोडणी ऑक्टोबरभर चालते, कधी नोव्हेंबरात जाते, आणि मजूर त्याच ओळीतून दोनतीनदा फिरून पिकलेलेच घड काढतात. साल थंड गेलं तर कोरडी आणि फसफसती वाइन जास्त होते. शरद ऋतू उबदार आणि सकाळी धुकं, असा योग आला तर मण्यांवर बॉट्रायटिस ही बुरशी धरते, मणी सुकतात, साखर आटते, आणि म्वालो होते. पुष्कळ वर्षं ती होतच नाही. चांगल्या सालची म्वालो पन्नास-साठ वर्षं टिकते, कारण तेवढ्या गोडीला पेलणारा आंबटपणा खाली असतो. चिंचगुळाची आमटी ज्या घरात रोज होते, तिथे हे तत्त्व समजावून सांगायची गरज नाही.

आमची बाटली सेक होती. घोंगडी पहिल्या दोन मिनिटांत विरली, मग मध आला, पण जिभेवर गोडी मुळीच नाही. नाकाला मध आणि जिभेला लिंबू, अशी ही चकवणारी वाइन आहे.

दुसरी बाटली दक्षिण आफ्रिकेची, केपटाउनच्या उत्तरेला असलेल्या स्वार्टलंडची. डच वसाहतीचा प्रमुख यान फान रीबेक याने केपमध्ये द्राक्षाची पहिली वाइन गाळल्याची नोंद २ फेब्रुवारी १६५९ची आहे. तिथले शेतकरी 'स्टीन' नावाचं एक पांढरं द्राक्ष पिढ्यान् पिढ्या लावत आले. ते आणि फ्रेंचांचं चेनिन एकच, हे कळायला १९६०चं दशक उजाडलं. तोवर स्टीनची बहुतेक द्राक्षं ब्रँडीच्या भट्टीत आणि स्वस्त गोडसर वाइनमध्ये गेली होती. आज चेनिनची लागवड फ्रान्सपेक्षा तिथे जास्त आहे. आणि जुने वेल, ज्यांच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं, तेच आता मिरवले जातात. मांडव नाही, तारा नाही. झुडपासारखे ठेंगणे वेल, अनेक ठिकाणी पाटपाण्याशिवाय वाढलेले. पस्तीस वर्षांवरच्या बागांना तिथे 'जुनी वेल' म्हणून प्रमाणपत्र मिळतं आणि बाटलीवरच्या शिक्क्यात लागवडीचं सालही छापतात. वेल म्हातारा झाला की घड कमी लागतात, रस दाट होतो. आमच्या ग्लासात ते कळत होतं : पिकलेला अननस, थोडी साय, आणि शेवटाला मीठ चाटल्यासारखी चव. चौघांपैकी तिघांनी हिला पहिला नंबर दिला. मी नाही. मला ती जरा अंगावर येते.

तिसरी नाशिकची. अक्षांश २०. जगातल्या नामवंत द्राक्षबागा बहुतेक ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे आपण पंगतीबाहेरचेच. लुआरमध्ये थंडी वेलाला झोपवते आणि वसंत उठवतो. नाशिकला वेल झोपतच नाही. त्याचं कॅलेंडर कात्रीने ठरतं. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि द्राक्षं पिकतात ती जानेवारी-फेब्रुवारीत. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्याच रात्री वाइनच्या द्राक्षातलं आम्ल वाचवतात. पण फेब्रुवारी सरत आला की दुपार तापते, आणि मग प्रत्येक दिवशी आंबटपणा निसटतो. तोडणी लांबली तर टार्टारिक वरून घालावं लागतं. उष्ण देशांत ते सर्रास चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीने २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या, त्यांत चेनिन होती, आणि इथल्या कित्येकांनी आयुष्यातली पहिली वाइन म्हणून तीच प्यायली. नाशिकची चेनिन बहुधा किंचित गोड ठेवतात : टाकी गार करून आंबवण मध्येच थांबवतात, थोडी साखर उरते. यात कमीपणा कसला? मी ती कोथिंबीर वडीबरोबर घेतली, हिरव्या मिरचीच्या ठेच्यासकट, आणि त्या पानावर फ्रेंच सेक पार फिकी पडली. तिखटावर थोडी गोडी हवीच. ती व्हुव्हरेसारखी मुरत मात्र नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

मागे एकदा मी एका दुकानातून उन्हात मांडलेली बाटली उचलली होती. आत वाइन कसली, शिळा सफरचंदाचा रस होता. तेव्हापासून नियम केला : नाशिकची चेनिन घ्यायची तर लेबलावरचं साल बघायचं. दोन वर्षांहून जुनी असेल तर दुकानदारालाच ठेवू द्यावी. ताजी मिळाली तर फ्रीजमध्ये दोन तास ठेवा, बर्फ घालू नका, आणि पहिल्या घोटाला काय आठवलं ते मला कळवा.

पुढच्या आठवड्यात जर्मनीची रीझलिंग, मोझेल नदीच्या कड्यांवरची.