चिखलात पहिला नंबर कुणाचा?

चिखल म्हटला, की आम्हां नांदेडकरांना प्रथम आपली चप्पल आठवते. आमची माती काळी. बेसाल्ट खडक झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि एकदा पायाला धरली, की सोडायचे नाव घेत नाही. अशा मुलखातला गृहस्थ चिखलात लोळण्यासाठी मुद्दाम सहकुटुंब गोव्याला निघाला, हे ऐकून शेजारच्या काकूंनी आमच्या सौभाग्यवतींकडे कीव केल्यासारखे पाहिले, यात नवल नाही!

पण चिखलाला हल्ली मोठी प्रतिष्ठा आली आहे. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर बिली विल्सन नावाच्या माजी सैनिकाने १९८७ साली ‘टफ गाय’ ही शर्यत सुरू केली. चिखल, खंदक, दोर, भिंती – सारे पार करून धावायचे. तिची भावंडे पुढे जगभर पसरली. आपल्याकडे ‘डेव्हिल्स सर्किट’मध्ये हौशी मंडळी पदरचे पैसे भरून भिंती चढतात. मॉडर्न पेंटॅथलॉन या ऑलिंपिक क्रीडाप्रकारातून २०२४ च्या पॅरिस स्पर्धेनंतर घोडेस्वारी गेली आणि तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. २०२८ साली लॉस एंजेलिसला घोड्यांना सुट्टी आहे.

आमच्या चिरंजीवांना मात्र ‘शर्यत’ हा शब्दच नको होता. वय वर्षे तेरा, अंगाने गुटगुटीत. शाळेच्या अडथळ्यांच्या शर्यतीत तो गोणपाटात अडकून पडला, सारे मैदान हसले आणि तेव्हापासून क्रीडामहोत्सव जवळ आला, की त्याच्या पोटात दुखू लागे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. दुखणे पोटात नव्हतेच.

म्हणून २०२४ च्या आषाढात आम्ही निघालो. वाटेत लातूरहून ताई, दाजी आणि पंधरा वर्षांचा भाचा यांना घेतले आणि माशेल गाठले. पणजीहून सतरा-अठरा किलोमीटरवरचे हे गाव. तेथल्या मंदिरात देवकी आहे आणि तिच्याजवळ बालकृष्ण. मायलेकरांची अशी एकत्र पूजा क्वचितच आढळते. हे दैवत मूळचे चोडण बेटावरचे. पोर्तुगीज अमदानीच्या छळातून वाचवण्यासाठी भक्तांनी ते आधी मये गावी आणि पुढे माशेलला आणले. आषाढी एकादशीला येथे चोवीस तासांचे भजन सुरू होते आणि द्वादशीला मंदिरापुढच्या मैदानात चिखलकाला होतो.

१८ जुलै. आभाळ गळत होते. मंडळी अंगाला तेल चोपडून, विठ्ठलाचा गजर करीत मैदानात उतरली. तेथली माती तांबडी, लोण्यासारखी मऊ. बायका आडोशाला उभ्या राहून मजा बघत होत्या. दाजींनी धोतराची सवय सोडून अर्धी चड्डी चढवलेली पाहताच ताईने पदर तोंडाशी धरला.

“बाबा, मी इथंच थांबतो,” चिरंजीव म्हणाले.

“थांब. पण आमचे कपडे सांभाळ,” मी म्हणालो आणि उतरलो. पहिल्याच पावलाला मी सपशेल आडवा! पण कुणी हसले नाही. कारण शेजारचे चौघेही आडवेच होते. पकडापकडी झाली, चेंडूफळी झाली. पाच मिनिटांत कोण डॉक्टर, कोण दुकानदार, कोण कारकून, हे ओळखू येईना. सारे एकाच तांबड्या मूर्तीच्या साच्यातून काढल्यासारखे.

इतक्यात रस्सीखेच सुरू झाली. आमची बाजू भराभर घसरत चालली होती. भाच्याने काठाकडे पाहून हाक मारली, “अरे ये की! तुझ्यासारखा वजनदार गडी पाहिजे शेवटाला!”

ज्या वजनाला शाळेत हसले गेले, त्याच वजनाला येथे आमंत्रण होते. कपडे आईच्या हाती गेले. पोरगा आला, दोर कमरेशी धरून टाचा रोवून बसला आणि हललाच नाही. आम्ही जिंकलो की त्या गडबडीत दोरच सुटला, हे कुणी पाहिले नाही. तेथे पंच नव्हता, घड्याळ नव्हते, नंबर नव्हता. वरून खाऊ फेकला गेला, तेव्हा लाडवासाठी सर्वांत लांब उडी आमच्या चिरंजीवांची होती.

शेवटी दहीहंडी फुटली. अंग धुण्यासाठी बादल्या पुढे आल्या, तेव्हा भाचा एकाएकी गप्प झाला.

“मामा, एवढ्या चिखलात किती घागरी पाणी मुरलं असेल हो?”

मी उत्तर दिले नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा हा सात वर्षांचा होता. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात ताईच्या घरी भांडी घासलेले पाणीही झाडाला जाई. त्या पोराने एका बादलीत अंग धुतले आणि दुसरी माझ्या मुलापुढे सरकवली.

पुण्या-मुंबईच्या शर्यतींना मी नावे ठेवणार नाही. भिंत चढून जाण्यातही मर्दुमकी आहे. परंतु ज्या मुलाला नंबराची धास्ती बसली आहे, त्याला आधी बिननंबरी खेळ हवा, असे माझे मत झाले आहे.

त्या वर्षीच्या क्रीडामहोत्सवात चिरंजीवांनी बक्षीस आणले नाही. मात्र रस्सीखेचीच्या यादीत शेवटचा गडी म्हणून स्वतःचे नाव त्यांनी स्वतः लिहिले होते, आणि त्या दिवशी सकाळी पोटात मुळीच दुखले नाही.