सायनसला ‘स्ट्राँग’ गोळी कशाला?

शेंबूड हिरवा झाला की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं, असा अनेक घरांतला नियम आहे. पण तो हिरवा रंग जंतूंचा नसतो, त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका प्रथिनाचा असतो. विषाणूंमुळे होणाऱ्या साध्या सर्दीतही तो दिसतो. सर्दी झालेल्या १०० प्रौढांपैकी जेमतेम दोघांच्या सायनसमध्ये पुढे जिवाणू शिरकाव करतात. बाकीच्यांना ही गोळी निरुपयोगी.

मग जिवाणूंची शंका कधी घ्यायची? दहा दिवस होऊनही उतार नसेल, सुरुवातीलाच १०२ अंश ताप आणि पिवळा दाट स्राव किंवा चेहऱ्याचं दुखणं सलग तीन-चार दिवस टिकलं, किंवा बरं वाटू लागल्यावर दुखणं पुन्हा उलटलं तर. एक्स-रेवरून विषाणू की जिवाणू हे कळत नाही. तो खर्च वाचवा.

गोळी लागलीच, तर ‘स्ट्राँग’ हवी असा आग्रह असतो. अझिथ्रोमायसिनचा तीन गोळ्यांचा कोर्स लोकांच्या आवडीचा, कारण रोज एकच गोळी आणि तीन दिवसांत सुटका. पण सायनसमध्ये अनेकदा सापडणारा न्यूमोकोकस हा जिवाणू तिला बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली ती नेहमीच्या वापरासाठी नको म्हटलं आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला पहिली पसंती दिली. काही जिवाणू अमॉक्सिसिलिन तोडणारं विकर सोडतात. क्लॅव्ह्युलॅनेट त्या विकराला निकामी करतं. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी स्नायुबंध आणि नसांना इजा होऊ शकते. दुसरा पर्याय असेल तर सायनससाठी त्या नकोत, असं अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१६ मध्ये बजावलं.

‘मला पेनिसिलिन चालत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांना तपासणीअंती खरी ॲलर्जी निघत नाही. ज्यांना ती खरोखर आहे, अशा प्रौढांसाठी डॉक्सिसायक्लिन असतं. मात्र गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत. कोर्सही लांबलचक लागत नाही. प्रौढांना बहुधा पाच ते सात दिवस पुरतात, पण किती दिवस घ्यायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा मान आखडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह्यांनी नाकातून काळपट खपल्या पडू लागल्यास क्षणभरही थांबू नये. ती बुरशी असू शकते आणि तिच्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही.