नवीकरणीय ऊर्जा अभियांत्रिकी : पदवीच्या नावापलीकडील कौशल्ये

जबलपूर शहरालगतचे खमरिया हे नाव अनेक वर्षे तेथील आयुध निर्माणीमुळेच परिचित होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेली ही निर्माणी, २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यानंतर, पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग झाली. याच परिसरात, डुमना विमानतळाच्या मार्गावर, २००५ मध्ये पंडित द्वारका प्रसाद मिश्र यांच्या नावाची भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व निर्माण संस्था स्थापन झाली. २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्र अभियांत्रिकी या तिच्या मूळ शाखा. ऊर्जेचा उल्लेख त्यांच्या नावात नाही.

बारावीनंतर अनेक विद्यार्थी 'नवीकरणीय ऊर्जा' असे नाव असलेल्या पदवीचा शोध घेतात. असे शिक्षण उपलब्ध आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, पुणे विद्यापीठात ऊर्जा अध्ययनाचा विभाग आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जा हा कृषी अभियांत्रिकीचाच एक विभाग आहे. तथापि या क्षेत्रातील बहुतेक कामे विद्युत, यंत्र, स्थापत्य व इलेक्ट्रॉनिक्स या पायाभूत शाखांच्या ज्ञानावर चालतात. पदवीचे नाव आकर्षक, पण विद्युत परिपथ व उष्मागतिकी कच्ची, अशा विद्यार्थ्याची पुढे अडचण होते.

एक साधे उदाहरण घेऊ. सौर पॅनेलवर छापलेली क्षमता ही घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि दर चौरस मीटरला १००० वॅट सूर्यप्रकाश, या प्रयोगशाळेतील स्थितीची असते. तापमान एका अंशाने वाढले की स्फटिक सिलिकॉनच्या घटाची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. नव्या काही प्रकारांत ही घट थोडी कमी असते. जबलपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यात घटाचे तापमान ६५ अंशांवर गेले, तर ४० अंशांच्या फरकामुळे १६ टक्के घट होते आणि पुरेसे ऊन असूनही एक किलोवॅटच्या पॅनेलकडून ८४० वॅटच मिळतात. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हा समज इथेच गळून पडतो. धूळ, सावली, तारांतील व इन्व्हर्टरमधील हानी यांचा हिशेब त्यानंतर येतो.

वीज निर्माण झाल्यावरचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्याच्या अभ्यासासाठी जबलपूर हे उत्तम ठिकाण आहे. पूर्वीच्या मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे मुख्यालय याच शहरात होते. मंडळाच्या विभाजनानंतर निर्मिती व पारेषण कंपन्यांची मुख्यालये इथेच राहिली आणि राज्याचे भार प्रेषण केंद्रही इथेच आहे. या केंद्रात दिवसाचे पंधरा मिनिटांचा एक असे ९६ भाग पाडले जातात. प्रत्येक भागात मागणी किती आणि वीज कोठून येणार, याचे वेळापत्रक ठरते. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या अगदी जवळ ठेवावी लागते. ढग आला की सौर निर्मिती काही मिनिटांत कोसळते. सूर्यास्ताला ती संपते, आणि नेमकी तेव्हा घरोघरी दिव्यांची मागणी वाढते. ही पोकळी जलविद्युत, औष्णिक केंद्रे व विद्युत घट यांनी भरून काढावी लागते. जबलपूरजवळच्या बरगी धरणावरील ९० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र या दृष्टीने पाहावे. जनित्र मिनिटांत सुरू करता येते, हे त्याचे खरे मोल. म्हणूनच हवामान-अंदाज, सांख्यिकी व संगणक प्रणाली जाणणाऱ्या अभियंत्यांची या क्षेत्राला आज मोठी गरज आहे.

तंत्राइतकेच करारही महत्त्वाचे ठरतात. जबलपूरच्या उत्तरेस रीवा येथे ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्यासाठी २०१७ मध्ये झालेल्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर प्रति युनिट २ रुपये ९७ पैसे इतका खाली आला. पॅनेल स्वस्त झाले होते हे खरे. परंतु गुंतवणूकदाराला पैसे वेळेवर मिळण्याची हमी, तयार जमीन व पारेषणाची सोय यांमुळे जोखीम घटली आणि दर उतरला. या प्रकल्पातील विजेचा सुमारे २४ टक्के भाग दिल्ली मेट्रो घेते. वीज खरेदी करार वाचता येणे हे अभियंत्याचे कौशल्य मानले पाहिजे, असे आम्हांस वाटते. अभ्यासक्रमांत त्याला अद्याप दुय्यम स्थान आहे.

जमिनीचा प्रश्नही अभियंत्याने टाळू नये. बरगी धरणामुळे हजारो कुटुंबे विस्थापित झाली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षे चालला. सौर प्रकल्पालाही शेकडो हेक्टर जमीन लागते. 'स्वच्छ' ऊर्जेची किंमत कोण मोजतो, हे प्रकल्पस्थळी गेल्याशिवाय समजत नाही. चराऊ रान आणि 'पडीक जमीन' यांतला फरक महसुली नोंदीत दिसत नाही, गावकऱ्याशी बोलताना दिसतो.

व्यावसायिक पात्रतेचे काही मार्ग पदवीनंतर खुले होतात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा व्यवस्थापक व ऊर्जा लेखापरीक्षक यांसाठी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा असते. व्यवस्थापकासाठी तीन प्रश्नपत्रिका, लेखापरीक्षकासाठी आणखी एक. मात्र या परीक्षेसाठी पदवीबरोबर कामाचा अनुभवही लागतो. तो मिळवण्याची पहिली पायरी म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्यान्वये पदवीधर अभियंत्यांना उद्योगांत विद्यावेतनासह एक वर्ष प्रशिक्षण घेता येते. महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये याबाबत मुंबईच्या प्रादेशिक मंडळाच्या कक्षेत येतात. त्यामुळे विदर्भातील विद्यार्थ्याने जबलपूरच्या एखाद्या वीज कंपनीत संधी शोधली, तर त्याला दुसऱ्या मंडळाकडे जावे लागत नाही.