भाड्याच्या घरातली ओल

सातारा जिल्ह्यात रहिमतपूर काय, कोरेगाव काय, या भागातलं जुनं बांधकाम साधारण एकाच जातीचं: दगडी जोतं, वर मातीच्या भिंती, माथ्यावर कौलं नाहीतर माळवद. मातीची भिंत ओल शोषते, तशी वाऱ्यानं सोडूनही देते. मालक स्वतः राहत होता तोवर पावसाआधी कौलं चाळली जात, माळवदावर पांढरी माती पडे. पुढं वाड्यांच्या खोल्या भाड्यानं गेल्या. सोप्यात आडव्या भिंती आल्या, खिडक्या बुजल्या, पोपडे झाकायला मातीवर सिमेंटचा गिलावा चढला. त्या गिलाव्यामागं ओल कोंडते. मग श्रावणात अंथरूण दमट, ट्रंकेतल्या कपड्यांवर बुरशी, आणि लेकरांचा खोकला हटता हटत नाही.

हे निस्तरायचं कुणी? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्तीचा बोजा मालकावर आपोआप पडत नव्हता. तो टाकला 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं: घर राहण्याजोगं ठेवणं मालकाला बंधनकारक झालं. पण याच कायद्यानं भाडं 1940 च्या पातळीवर गोठवलं. महिन्याच्या भाड्यात कौलांची एक रांगही बदलता येईना, तेव्हा मालकानं पाठ फिरवली. त्याची ही अडचण खरी होती. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानंही गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलं नाही, असं म्हटलं. मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींसाठी 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, पुढं ते काम म्हाडाकडं गेलं. लहान गावांच्या वाट्याला तसं मंडळ आलं नाही.

31 मार्च 2000 पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. दरवर्षी 4 टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. कलम 14 नुसार मालकानं दुरुस्ती टाळली तर भाडेकरूनं किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. कलम चांगलं आहे, पण त्यात ‘विरुद्ध करार नसेल तर’ अशी फट आहे. अकरा महिन्यांच्या छापील करारात दुरुस्ती भाडेकरूच्या माथी मारली जाते, आणि बदलीवर आलेला शिक्षक न वाचता सही करतो.

इंग्लंडमध्ये रॉचडेल इथं 2020 साली बुरशीच्या घरात राहणारं दोन वर्षांचं मूल दगावलं. त्यानंतर तिथं सामाजिक गृहनिर्माणातल्या मालकांना ओल-बुरशी ठरल्या मुदतीत हटवणं सक्तीचं झालं. आपल्या कायद्यात ‘ओल’ हा शब्द नाही, मुदत नाही, तपासणारा अधिकारी नाही. माझ्या मते ही उणीव भाडेवाढीच्या प्रश्नापेक्षा मोठी आहे.

तो बदल होईल तेव्हा होईल. तोवर भाडेकरूंनी सही करण्याआधी दुरुस्तीचं कलम वाचावं, छत आणि ओलीची जबाबदारी मालकाची असं लिहून घ्यावं आणि करार नोंदवावा. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकावरच टाकली आहे.