असे का घडते? : कोडे सोडवताना मन का विसावते?

दिवसभराच्या कामाने शिणलेली व्यक्ती रात्री मोबाइलवर पुन्हा एखादे कोडेच उघडते आणि तरीही तिला हलके वाटते, यातली विसंगती वरवरची आहे. हाताशी लागणारी माहिती क्षणभर धरून ठेवणारी 'कार्यरत स्मृती' ही लहानशा पाटासारखी असते. तिच्यावर एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. त्यामुळे आकार, रंग आणि जागा यांची जुळवाजुळव सुरू झाली, की पाट भरतो व काळजीला बसायला जागा उरत नाही.

मात्र कोडे फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. कौशल्य आणि आव्हान यांचा तोल साधला की येणाऱ्या तल्लीनतेला मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 'प्रवाह' म्हटले.

निवांत खेळांची रचना हा तोल सांभाळूनच केलेली असते. ऑस्ट्रेलियातील विच बीम या संस्थेच्या 'अनपॅकिंग' (२०२१) या खेळात नव्या घरातली खोकी उघडून सामान लावायचे असते. घड्याळ नाही, गुण नाहीत, आणि सगळे सामान बाहेर आल्यावर चुकीच्या जागी असलेल्या वस्तूला केवळ लाल कड दिसते. चुकीला दंड नसल्याने मनातली धोक्याची घंटा वाजत नाही, तर योग्य जागी बसलेली प्रत्येक वस्तू पूर्ततेचे छोटे समाधान देते. मूळ चिंता याने मिटत नाही. मनाला तिच्यापासून थोडी उसंत तेवढी मिळते.